वाटीतलं पाणी

हिराजीदादा, तुमच्या तेराव्याला मी मुर्ध्याला आले होते. मांडवात शेवटच्या रांगेत बसले होते. पुढे सगळी तुमची भावकी होती, आणि तिथे मी तुमची कोण म्हणून सांगायचं हे मला ठरवता येईना. पानं मांडायच्या आधी वहिनींनी मला आत बोलावलं. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "हे म्हनायचे, ही मॅडमची वस्तू हाय, परत द्यायची हाय. मी एकदा त्यात कुंकू ठेवला तर दिवसभर माझ्याशी बोलले न्हाय."

पुडीत आपली काचेची वाटी होती. रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी, काठाला टवका उडालेला. मी ती लगेच ओळखली. सहा वर्षं ती प्रयोगशाळेत दिसली नव्हती आणि मी कधी विचारलंही नव्हतं. "येवढा काय व्हता हिच्यात?" वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, "पाणी." मग मी पानावर जाऊन बसले.

आपल्या प्रयोगशाळेच्या सूचनाफलकावर तुमची माहिती चार ओळींत लागली आहे. रुजू कधी झालात, निवृत्त कधी झालात, सहायक म्हणून केलेली सेवा अमूल्य वगैरे. त्यात वाटी नाही. ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊकही नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही असताना बोलायला हवं होतं, ते आता कागदाशी बोलते आहे. मला नेहमी सगळं उशिराच सुचतं, हे तुम्हीच म्हणायचात.

तुमची-माझी पहिली भेट भांडणानेच झाली. मी नवीन संशोधक, पीएचडीसाठी आलेली, भिजलेली छत्री घेऊन लेझरच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. तुम्ही आरशावर वाकलेले होतात. वर न बघताच ओरडलात, "छत्री भायेर! पानी आत न्हाय आनायचा." मला वाटलं हा माणूस इथला प्रमुख असावा. मी छत्री बाहेर ठेवून चांगली पाच मिनिटं अवघडून उभी राहिले. नंतर कळलं की तुम्ही सहायक आहात, आणि प्रमुखसुद्धा त्या खोलीत छत्री आणत नाहीत.

माझा विषय होता एक जांभळं प्रथिन. अतिखारट पाण्यात राहणारा एक जंतू असतो, त्याच्या अंगात हे प्रथिन असतं. त्यावर उजेड पडला की ते एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा, पेशीच्या आतून बाहेर ढकलतं. त्यावरच तो जंतू पोट भरतो. हा प्रोटॉन आपल्या जागेवरून हलतो तेव्हा प्रथिनाचा जांभळा रंग जातो, ते क्षणभर पिवळं होतं आणि पुन्हा जांभळं होतं. पापणी लवेपर्यंत हा प्रकार संपलेलाही असतो. म्हणून डोळ्याने दिसत नाही. लेझरची एक चमक मारायची आणि पडद्यावर उमटणाऱ्या हिरव्या रेघेत रंग किती झपाट्याने बदलला ते बघायचं, असं आमचं काम. बाहेरदेशी याहून लक्ष पटींनी जलद बघणारी यंत्रं होती. आपल्याकडे जे होतं ते तुमच्या हातामुळे चालायचं.

पण बघायला प्रथिन तर हवं. परदेशातून मागवलेला जंतू वाटेत कुठेतरी उन्हात राहिला आणि मेला. दुसरा मागवायचा तर सहा-आठ महिने. मी कॅन्टीनमध्ये रडवेली होऊन बसले होते, तेव्हा तुम्ही चहा घेऊन समोर बसलात आणि विचारलंत, "त्याला किती खारा पानी लागतो?" मी सांगितलं. समुद्राच्या सात-आठ पट. "आनि रंग लाल?" लाल, गुलाबी, असा काहीतरी. तुम्ही हसलात. "मग बाय, तो आमच्या आगरात हाय. मे महिन्यात वाफ्याचा पानी लाल होतो. माझा बाप बोलायचा, लाल झाला का आता दोन दिवसांत मीठ काढायचा." पहिल्यांदाच तुम्ही मला मॅडम सोडून बाय म्हटलंत. मी ते लक्षात ठेवलं आहे.

पुढच्या रविवारी तुम्ही मला मुर्ध्याच्या मिठागरावर नेलंत. आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो त्याला वर्ष झालं होतं, पण रेल्वेफाटकापलीकडे इतकं मीठ आहे हे मला माहीत नव्हतं. पांढऱ्या राशी बघून डोळे दिपत होते. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेवटच्या वाफ्यात उतरलात आणि गुलाबी पाण्याने प्लास्टिकची बाटली भरलीत. तुमच्या पायांना भेगा होत्या, त्यांत ते पाणी झोंबत असणार. मी विचारलं तर म्हणालात, "आमी आगरी. मीठ आमाला ओळखतो."

त्या बाटलीने आमच्या घरी काय गोंधळ घातला ते मी तुम्हाला शंभरदा सांगितलं आणि तुम्ही शंभरदा हसलात. मी ती फ्रिजमध्ये ठेवली आणि झोपले. दुपारी शेजारच्या शहाभाभी आल्या. सासूबाईंनी कोकम सरबत समजून पेले भरले, वर साखर घातली. भाभींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मांजी, आप लोग नमक थोडा ज्यादा डालते हो." बिचाऱ्यांनी अर्धा पेला संपवला, आमचा मान राखायला. मी उठून बघते तो माझा सगळा नमुना दोन पेल्यांत आणि एका पोटात. भाभींना काही झालं नाही. तुम्ही मात्र पुढची बाटली सायकलवरून आणून दिलीत तेव्हा तिच्यावर लाल रंगाने फुली मारलेली होती.

त्या पाण्यातूनच आपला जंतू निघाला. आठ महिने लागले. साध्या पाण्यात घातला की तो फुटायचा, मिठाशिवाय त्याचा जीव टिकायचा नाही. "आमच्यासारखाच," असं तुम्ही म्हणालात. काचेच्या तबकडीवर प्रथिनाचा पातळ थर वाळवला तेव्हा मी म्हटलं, काय सुंदर जांभळा आहे, आणि तुम्ही म्हणालात, "वांग्याचा." हा वाद आपण शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसराही एक वाद होता. तुमचं म्हणणं, पाणी लाल होतं म्हणून मीठ लवकर बसतं. मी तुम्हाला शहाणपणा शिकवायचे की मीठ वाढतं म्हणून हे जंतू वाढतात, तुम्ही उलटं सांगताय. नंतर कधीतरी मी वाचलं की लाल पाणी ऊन जास्त धरतं आणि खरंच लवकर आटतं. म्हणजे तुम्हीही बरोबर होता आणि तुमचे वडीलही. मी हे वाचलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. वेळ झाला नाही असं नव्हतं. आपलं चुकलं हे म्हणायला माझी जीभ रेटायची नाही, एवढंच.

आता वाटी. प्रथिनाचा तो थर फार कोरडा झाला की काम करायचा नाही, फार ओला झाला की ओघळायचा. हवेतला दमटपणा तर आपल्याकडे सकाळी एक, दुपारी एक. तेव्हा तुम्ही ही युक्ती काढलीत. पुढे मला पुस्तकांत तीच सापडली, पण तुम्ही ती पुस्तकातून घेतली नव्हती. लहानशा वाटीत मिठाचं दाट पाणी करायचं, तळाला मीठ शिल्लक राहील इतकं दाट, आणि ती वाटी थरासोबत बंद डबीत ठेवायची. मग डबीतली हवा ना जास्त ओली होते ना जास्त कोरडी. मीठ आगराचंच असायचं. मी ते दोनदा शुद्ध करून घ्यायचे, तुम्हाला ते आवडायचं नाही. दर मोजणीच्या आदल्या दिवशी तुम्ही वाटी भरायचात, थराशेजारी ठेवायचात, डबीच्या झाकणाला ग्रीस लावायचात आणि मला हात लावू द्यायचा नाहीत. तीन वर्षं हे इतकं अंगवळणी पडलं की वाटी ठेवली का, असं कुणी कुणाला विचारेनासं झालं.

आणि मग जड पाण्याचा प्रयोग आला. त्याच्यासाठी मी वर्षभर अर्ज करत होते. जड पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच, पण त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. प्रथिनाला ते पाजलं की हलणारा प्रोटॉनही दुप्पट जड होतो आणि त्याला हलायला वेळ लागतो. जगभरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. मी तुम्हाला समजावायला लागले तर तुम्ही मध्येच म्हणालात, "त्यात काय. भरली पाटी डोईवर असली का मानूस हलूच चालनार." मी माझ्या प्रबंधात हे तीन पानांत लिहिलं आहे. तुमचं वाक्य जास्त बरं होतं.

मी थराला जड पाण्याची वाफ दिली. थेंब थेंब मोजून. डबी बंद झाली. दुसऱ्या दिवशी आपण चमक मारली आणि रेघेचा फोटो काढला. मग साध्या पाण्याचा जुना फोटो आणि हा नवा फोटो एकमेकांवर ठेवून मी खिडकीच्या काचेला लावले. दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या. आपला प्रोटॉन जड होऊनही रेंगाळला नव्हता. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. म्हणजे मुर्ध्याच्या मिठागरातलं हे प्रथिन साऱ्या जगापेक्षा वेगळं होतं. त्यात काहीतरी निराळीच तऱ्हा होती, आणि ती आपण शोधली होती. तुम्ही पेढे आणलेत. "आमच्या आगराचा नाव झाला," असं तुम्ही कॅन्टीनवाल्यालासुद्धा सांगितलंत.

निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यावर नावं दोन, माझं आणि माझ्या मार्गदर्शक सरांचं. तुमचं नाव शेवटी, आभाराच्या ओळीत. दमटपणा राखण्याची व्यवस्था केल्याबद्दल श्री. हिराजी म्हात्रे यांचे आभार. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून मला ती दोनदा वाचायला लावलीत आणि तिची झेरॉक्स घरी नेलीत. मला वाटलं, किती थोडक्यात खूश होतो हा माणूस. थर तुम्ही घडवलात, आरसे तुम्ही जुळवलेत, जंतूसुद्धा तुमच्याच वाफ्यातला. लेखकांत तुमचं नाव का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. खरं सांगायचं तर पडला होता. सरांना विचारायचं धाडस झालं नाही.

तीन-चार महिन्यांनी एका सोमवारी तुम्ही दारात उभे राहिलात. हातात कागदाची पुडी, तिच्यात सुका जवळा, ती बारीक कोलंबी. मी म्हटलं, आज डब्यात जवळा का? तुम्ही हसला नाहीत. "हात लावून बघा." मऊ होता. "कडक उन्हात वाळवलेला, बाय. डब्यात घट्ट झाकन. बायकोने मीठ ठेवलेला ना सोबत, ओला मीठ, वाटीत. आठ दिवसांत मऊ पडला. पानी चालत गेला मिठातून जवल्यात, हवेतून. कोनी हलवला न्हाय काय न्हाय." मग तुम्ही आवाज खाली आणलात. "आपन जड पानी दिला थराला. पन वाटीतला पानी साधा व्हता. मी भरला. माझ्या हातानी. रोजच्यासारखा."

दादा, मला त्याच क्षणी कळलं. थरात जड पाणी होतं ते थेंबाचाही थेंब. शेजारी वाटीभर साधं पाणी, डबी बंद, अख्खी रात्र. सकाळपर्यंत थरातलं जड पाणी निघून गेलेलं आणि त्याच्या जागी साधं आलेलं. दोन्ही रेघा जुळणारच, कारण दोन्ही वेळा आपण साधंच पाणी मोजलं होतं. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा वाटी ठेवली. आपलं प्रथिन जगावेगळं नव्हतंच.

तुम्ही म्हणालात, "पुन्हा करू. वाटीत पन जड पानी घालू. मग छापायला कळवू का चुकला म्हनून." मला पंधरा दिवसांनी मुलाखत होती, कायमच्या नोकरीची. त्या निबंधाच्या जोरावरच बोलावणं आलं होतं. घराचा हप्ता, सासूबाईंचं आजारपण, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी हसून म्हटलं, "अहो दादा, एवढ्याशा वाटीने काही होत नाही. मी हिशेब केलाय." हिशेब मी केला नव्हता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं. "तुमी सांगता तर असंल," म्हणालात आणि जवळ्याची पुडी उचलून गेलात. पुढच्या मोजणीला तुम्ही बशी वापरलीत. वाटी दिसली नाही ती त्या दिवसापासून.

नोकरी मिळाली. तुम्ही अभिनंदन केलंत ते मनापासून, हे मला माहीत आहे. तेच जास्त लागलं. कामं बदलली, विषय बदलला. मी तो जंतू हळूहळू बाजूला सारला आणि लोकांना सांगितलं की त्यात आता काही उरलं नाही. निबंधाचा उल्लेख इथे-तिथे होत राहिला. प्रत्येक वेळी मी ते पान उलटून पुढे जायचे. माणूस कशालाही सरावतो.

मग त्या मुलीचं पत्र आलं. दक्षिणेतल्या कुठल्याशा विद्यापीठातली, पीएचडी करणारी. तिने आमच्याकडूनच जंतू मागवून घेतला होता. पत्रात लिहिलं होतं की दीड वर्ष झालं, तिच्या प्रयोगात जड पाण्याने रेघ दर वेळी रेंगाळते, आमच्यासारखी जुळत नाही. तिचे मार्गदर्शक म्हणतात की तिचा हातच वाईट आहे. तिने विचारलं होतं, माझं काय चुकतंय ते कृपया सांगाल का. मी तिला उत्तर लिहिलं. तापमान नीट सांभाळा, थर फार जाड करू नका. दोन सभ्य परिच्छेद. ते पाकीट टपालात टाकायला मी तुमच्याच हातात दिलं. तुम्ही पत्ता वाचलात, पाकीट उलटसुलट केलंत आणि विचारलंत, "हिला वाटीचा सांगितला का?"

मी टेबलावरचे कागद आवरायला लागले. तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर चिडलात. ओरडला नाहीत. ओरडणं छत्रीसाठी असायचं. "मना शाळा न्हाय, पन येवढा कळतो. तिचा हात चांगला हाय म्हनून ती रडते. आनि माझा नाव त्याच वाटीखाली छापलाय, बाय. दुसरीकडे कुठे छापला असता तर मी काय बोललो नसतो." तेव्हा मला समजलं की ती झेरॉक्स तुम्ही कौतुकाने ठेवली असेल, पण जवळ्याच्या दिवसानंतर ती तुम्हाला खुपत होती. छापील जगात तुमचं नाव एकदाच आलं, आणि तेही नेमकं चुकीबद्दल आभार म्हणून. मी म्हटलं, बघू, करू काहीतरी. त्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात.

पावसाळ्याच्या शेवटी मी तुम्हाला बघायला आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. फार बारीक झाला होता. वहिनी म्हणाल्या, बोलत नाहीत कुणाशी. मी खाटेशी बसले. मिठागरं भरून इमारती होणार अशी बातमी होती, त्यावर बोलले. भाभींच्या सरबतावर बोलले. तुम्ही हसलात थोडंसं. मग हात धरलात आणि विचारलंत, "त्या पोरीचा झाला का?"

मी म्हटलं, "झालं, दादा."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मी बघितला. घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं हे खोटं नसतं. नवव्या दिवशी तुम्ही गेलात. त्यानंतर मला तसं समजावता येईना. तुमच्याशी मी दोनदा खोटं बोलले. पहिल्यांदा तुम्ही ओळखलंत. दुसऱ्यांदा तुम्ही विश्वास ठेवलात, आणि मला हा दुसऱ्यांदाचा विश्वास सोसत नाही. तुम्ही मला सहा वर्षांत कुणापुढे उघडं पाडलं नाहीत. वाटी घरी नेऊन ठेवलीत, म्हणजे दुसऱ्या कुणाचा प्रयोग तरी बिघडू नये. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, आणि मी त्याबद्दल तुमचे आभार मानलेले नाहीत. आज मानते.

तेराव्याहून आले ती वाटी टेबलावर ठेवून दोन दिवस बघत बसले. तिसऱ्या दिवशी शीतपेटीच्या तळातून आपला जंतू काढला. मला वाटलं मेला असेल. मेला नव्हता. वाढवला, त्याचं प्रथिन काढून नवा थर वाळवला. वहिनींकडे पुन्हा गेले आणि आगराचं मूठभर मीठ मागून आणलं. शुद्ध केलं, क्षमा करा, आणि भट्टीत अगदी कोरडं होईपर्यंत वाळवलं. जड पाणी थोडं शिल्लक होतं. थराला दिलं आणि वाटीतही घातलं. तुमच्यासारखं ग्रीस मला लावता येत नाही, झाकण तीनदा सरकलं. आरसे जुळवायला चार तास लागले. तुम्ही वीस मिनिटांत करायचात. लेझर पेटवण्याआधी मी छत्री बाहेर आहे ना ते बघितलं. पाऊस केव्हाच संपलाय, तरी बघितलं.

रेघ रेंगाळली, दादा. चांगली रेंगाळली. जुना फोटो आणि नवा फोटो मी खिडकीच्या त्याच काचेला लावले तेव्हा दोन रेघा सरळ सरळ वेगळ्या पडल्या. खालची घाईत उतरणारी, वरची डोईवर पाटी घेतलेली. तुमच्या वाफ्यातलं प्रथिन चारचौघांसारखंच निघालं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. पण मी तिथेच स्टुलावर बसून रडले ते वाईट वाटून नाही. इतक्या वर्षांनी त्या खोलीत पहिल्यांदा काहीतरी खरं घडलं होतं.

मग दुरुस्तीचं टिपण लिहिलं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस? कुणाला आठवतंय?" मी म्हटलं, एका मुलीला आठवतंय. नोकरीवर काय परिणाम होईल ते होईल. निदान मान खाली जाईल हे नक्की, आणि ती जायलाच हवी. टिपणात चूक कशी झाली ते लिहायचं होतं. मी चार-पाच वाक्यं लिहून खोडली. शेवटी तुमचंच वाक्य इंग्रजीत करून घातलं. वाटीतलं पाणी साधं होतं. आणि हे कुणाच्या लक्षात आलं, कधी आलं, आणि ते इतकी वर्षं दडपून कुणी ठेवलं, तेही लिहिलं. त्याखाली लेखक म्हणून दोन नावं आहेत. पहिलं हिराजी म्हात्रे. दुसरं माझं. आभाराची ओळ या वेळी ठेवलेली नाही.

त्या मुलीला वेगळं पत्र लिहिलं. तिच्या जुन्या पत्त्यावर ती अजून असेल की नाही, संशोधन सोडून गेली असेल की काय, मला माहीत नाही. दोन्ही फोटोंच्या प्रती घातल्या. लिहिलं की तुझं काहीच चुकत नव्हतं. तुझा हात चांगला आहे, असं आमच्या इथल्या एका फार चांगल्या हाताच्या माणसाने तेव्हाच सांगितलं होतं. हे पत्र तुझ्या मार्गदर्शकांना दाखव.

दोन्ही पाकिटं आज सकाळी भाईंदरच्या पोस्टात रजिस्टर केली. खिडकीवरच्या माणसाने शिक्के मारले, पावत्या फाडून दिल्या. बाहेर आल्यावर पाय आपोआप मुर्ध्याकडे वळले. वाटी वहिनींना परत दिली आणि सांगितलं की आता हिच्यात कुंकू ठेवायला हरकत नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यांचा काम झाला ना?"

झालं, दादा. त्या पोरीचं आज झालं.